बर्फावर गोल्फ खेळतात हे खरं काय? एक किलो कुंदा पणाला लागलाय

अनगोळचा_पप्या

मंडळी नमस्कार. प्रश्न जरा खुळ्यासारखा वाटेल पण पैज लागलीय म्हणून विचारूलालोय. परवा संध्याकाळी नेहमीच्या चहाच्या गाड्यावर बसून मोबाईलवर एक व्हिडिओ बघत होतो, सगळीकडं पांढरं बर्फ, मागं घराएवढे बर्फाचे कडे, आणि चार-पाच माणसं जाड जाकिटं घालून लाल बॉलनं गोल्फ खेळूलाल्यात. मी म्हटलं बघ मर्दा काय भारी खेळ हाय. तर आमचा मंजू (खासबागचा, तो पण इथंच असतोय, वाचून येईलच आता) म्हणतोय हे सगळं एआयनं बनवलेलं हाय, बर्फावर कोण गोल्फ खेळत नाही, गोल्फ म्हणजे हिरवळ. मी म्हटलं खेळतात. तो म्हणाला नाही. झालं, एक किलो कुंदा (आपली बेळगावची मिठाई) पणाला.

आता खरं सांगायचं तर गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. आपल्या बेळगावात गोल्फ कोर्स हाय हे लहानपणापासून माहीत, पण कंपाउंडच्या आत कसं दिसतंय ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथं बिबट्या शिरला तेव्हाच टीव्हीवर बघितलं. आठवतंय न्हवं, आजूबाजूच्या शाळा बंद, शिमोग्याच्या सक्रेबैलहून हत्ती आणले, आणि बिबट्या काय सापडला नाही तो नाहीच.

तर मला एवढंच सांगा, हे खरंच कुठं खेळतात काय, आणि बर्फावर बॉल थांबतो कसा, घसरत घसरत पुढच्या गावाला जात नाही काय. अजून एक, जानेवारीत आम्ही सहा जण काश्मीरला जाऊलालोय, गुलमर्गला दोन दिवस मुक्काम हाय, तिथं एखादी काठी आणि बॉल घेऊन गेलं तर जमंल काय? (काठीला काय म्हणतात ते पण सांगा.)

कॅम्पातला_जुना_कॅडी

पप्या, काठीला क्लब म्हणतात. काठी म्हणालास तर आमचे जुने साहेब लोक तुला आत पण घेणार नाहीत.

मी शाळेत असताना तीन-चार वर्षं सुट्टीच्या दिवशी कॅडी म्हणून जात होतो. ब्याग उचलायची आणि बॉल कुठं पडला त्यावर नजर ठेवायची, पगार खरा नजरेचाच. बर्फावर मी काय खेळलो नाही पण थंडीत बॉल कसा वागतो ते बघितलंय. डिसेंबरात पहाटे दव पडलेलं असतं तेव्हा बॉल गवतातनं गेला की मागं काळपट रेघ उमटते, ती धरून चालत गेलं की बॉल सापडतो, उन्हं वर आली की रेघ गायब आणि आमच्या शिव्या सुरू. आणि पहाटेचा बॉल दुपारच्यापेक्षा कमी जातोय, एकाच माणसानं एकाच क्लबनं मारला तरी पाच-सात यार्डांचा फरक. आतलं रबर थंडीनं कडक होतं, मारल्यावर दबायला पाहिजे तेवढं दबत नाही, म्हणून उसळी कमी. वर थंड हवा दाट असतीय, ती पण अडवते. आपल्याकडं पारा लई खाली गेला तर दहा-बारा डिग्री, त्यालाच एवढं, मग शून्याच्या खाली वीस-पंचवीस डिग्रीत तो बॉल नुसता दगड होत असणार.

एक साहेब होते, थंडीत दोन बॉल गरम चहाच्या थर्मासला चिकटवून ठेवायचे आणि आळीपाळीनं मारायचे. नंतर कुणीतरी नियमाचं पुस्तक काढून दाखवलं की मुद्दाम तापवलेला बॉल मारायला बंदी हाय. साहेबांनी त्या दिवसापासून थर्मास आणायचाच बंद केला, आमचा पण चहा गेला.

पांढऱ्या बॉलचा तर प्रश्नच नाही, बर्फात पडला की संपला. लाल नाहीतर भगवा पाहिजे. आणि ग्राफाइटच्या दांड्याचा क्लब असल्या थंडीत तडकू शकतोय, जाणारे लोक स्टीलचा नेतात म्हणे.

मंजू_खासबाग

आलो. माझं मराठी जरा सांभाळून घ्या.

कॅडी अण्णा, तुम्ही "म्हणे" म्हणालात. म्हणजे तुम्ही पण बघितलं नाही. व्हिडिओ तर आजकाल हत्ती उडताना पण दिसतोय. मला गावाचं नाव पाहिजे, आणि तिथं उभं राहिलेला माणूस पाहिजे. तोपर्यंत कुंदा पप्याच्याच खिशातनं.

शहापूरची_लेक

मंजू, मी उभी राहिलेय बघ. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, मिनेसोटात असते. पहिल्या हिवाळ्यात नवऱ्यानं तळ्यावर नेलं, मी काठावरच थांबले कारण समोर पाण्यावर, म्हणजे पाणीच की ते खाली, गाड्या उभ्या होत्या, लोक खुर्च्या टाकून भोकातनं मासे पकडत होते. आपण राकसकोप धरणाचं पाणी उन्हाळ्यात किती उरलं त्यावर बोलणारी माणसं, तळ्यावर गाडी हे डोक्यातच शिरत नव्हतं.

इथं लेक मिनेटोंका नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या काठावर वेझाटा गाव. तिथं दर फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर चिली ओपन नावाची स्पर्धा होते, बर्फ सरकवून नऊ-नऊ होलचे (होल म्हणजे बॉल घालायचं भोक) कोर्स आखतात. लोक विदूषकासारखे कपडे करून येतात, कुणी हॉकीची स्टिक घेऊन येतं, स्कोअर कोण लिहितंय देव जाणे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथं गोल्फचा बॉल नसतो, टेनिसचा असतो. (मंजू आता नाचणार.)

खरा गोल्फ बॉल मी ऑफिसमधल्या लोकांबरोबर दुसऱ्या एका लहान तळ्यावर मारला. पप्याच्या प्रश्नाचं उत्तर असं, की बॉल थांबणं न थांबणं सगळं बर्फावर काय आहे त्यावर. उघडं, काचेसारखं बर्फ असेल तर बॉल शहाबादी फरशीवर आपटल्यासारखा टणकन उडतो आणि मग घसरतच राहतो, माझा एक बॉल तर वाऱ्यानं पण पुढं नेला. आणि दहा पावलांवर वाऱ्यानं दाबून बसवलेलं भुसभुशीत होतं, तिथं पडला की जागच्या जागी मेला. म्हणजे एकाच शॉटमध्ये कुठं सिमेंट आणि कुठं पीठ. टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, ती बर्फात घुसतच नाही, मूठभर बर्फ दाबून उंचवटा करायचा आणि त्यावर बॉल ठेवायचा. सगळ्यात मोठी फजिती मारताना. क्लब फिरवला की पाय उलट्या बाजूला जातात. बुटाला खिळ्यांच्या पट्ट्या लावल्याशिवाय उभंच राहता येत नाही, मी पहिल्याच शॉटला बसकण मारली आणि बॉल तिथंच. हातमोजे जाड घातले तर क्लब हातात फिरतो, पातळ घातले तर बोटं दहा मिनिटांत दुसऱ्याची वाटायला लागतात.

आणि एक काळजीचं, काश्मीरला जाताय म्हणून मुद्दाम सांगते. गोठलेल्या तळ्यावर उगीच पाऊल टाकू नका. इथं सरकारी खातंच सांगतं की माणसाला चालायला निदान चार इंच स्वच्छ, पारदर्शक बर्फ पाहिजे, लहान गाडीला नऊ-दहा इंच. पांढरट, दुधाळ बर्फ असेल तर त्याची ताकद निम्मी धरायची. इथले लोक आधी भोक पाडून मोजतात, मगच चढतात. तुमच्यापैकी कुणाकडं ड्रिल असणार आहे?

मंजू_खासबाग

अक्का, नमस्कार. तुमचं खरं मानतो. पण टेनिस बॉल! विदूषकाचे कपडे! स्कोअर नाही! हा गोल्फ काय? उद्या मी विट्टी-दांडूला स्केटिंगची चाकं लावतो आणि हॉकी म्हणतो.

अनगोळचा_पप्या

ए मंजू, गाव पाहिजे म्हणालास, अक्कानं गाव दिलं. माणूस पाहिजे म्हणालास, अक्का स्वतः पडून आली. आता नियम बदलू नकोस. हे पण आपल्या सीमाप्रश्नासारखं २००४ पासून सुप्रीम कोर्टात लटकवणार हाईस काय?

निपाणीकर_मास्तर

वाचत होतो, राहवलं नाही. मंजूसाहेब, नियमबियम, स्कोअर सगळं असलेला खेळ पाहिजे ना, तर नाव लिहून घ्या, उमानाक. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लहानसं बेट, साधारण ७० अंश उत्तरेला, म्हणजे आर्क्टिक सर्कलच्याही साडेचारशे किलोमीटर वर. तिथं १९९७ पासून बर्फावरच्या गोल्फची स्पर्धा सुरू झाली, पुढं तिला जागतिक अजिंक्यपद म्हणायला लागले. समुद्राची खाडी गोठते, तिच्यावर मार्चमध्ये कोर्स आखायचे. पप्याच्या व्हिडिओत मागं घराएवढे कडे होते म्हणाला ना, ते हिमनग असणार, खाडीत हिंडता हिंडता थंडीत जागेवरच अडकून बसलेले. त्यामुळं कोर्स दर वर्षी वेगळा, कारण हिमनग कुठं अडकेल ते त्याचं त्याला ठाऊक. आपल्याकडं दर वर्षी नदी वाळूचा पट्टा हलवते आणि गावातली पोरं क्रिकेटची खेळपट्टी हलवतात, तसंच काहीसं.

गोल्फमध्ये भोकाभोवती जो बारीक कापलेल्या गवताचा तुकडा असतो त्याला ग्रीन म्हणतात. तिथं गवत कुठलं, बर्फच झाडून गुळगुळीत करायचे, आणि त्याला ग्रीन म्हणायचं सोडून व्हाइट म्हणायचे. भोक नेहमीच्या १०८ मिलिमीटरपेक्षा मोठं ठेवायचे, कारण त्या पृष्ठभागावर बॉल नेमका थांबवणं माणसाच्या हातात नाही. काही वर्षं बर्फ नीट धरलं नाही, हवा बिघडली, आणि स्पर्धाच रद्द करावी लागली. खेळायला बर्फ पाहिजे आणि बर्फच भरवशाचं नाही.

अलास्कातल्या नोम गावात पण गोठलेल्या बेरिंग समुद्रावर मार्चमध्ये खेळतात, सहा होल, भगवे बॉल. स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला गोठलेल्या तळ्यावर तर १९०७ पासून घोड्यांच्या शर्यती होतात, गोल्फ त्याच्यामानानं पोरखेळ.

आता "खरं गोल्फ काय" हा मुद्दा. हा मला जरा गमतीचा वाटतो. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये हिवाळे इतके कडक असायचे की कालवे महिनामहिना गोठून राहायचे, आणि लोक त्यावर कोल्फ नावाचा खेळ खेळायचे, वाकडी काठी आणि बॉल. हेंड्रिक आवेरकांप नावाचा चित्रकार होता, १६३४ ला वारला, त्याच्या बर्फाच्या चित्रांत हे खेळाडू स्पष्ट दिसतात, टोपी, तुमान, हातात काठी आणि समोर पसरलेलं बर्फ. म्हणजे बर्फावर काठीनं बॉल मारणं हे काल-परवाचं खूळ नाही, चारशे वर्षांपूर्वी चित्रात येण्याइतकं रोजचं होतं.

आणि पप्या, तो लाल बॉल. ती गोष्ट आपल्या मुंबईपर्यंत येते. 'जंगल बुक' लिहिणारा रुडयार्ड किपलिंग, जन्म १८६५, मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, वडील तिथं शिकवायला होते. हा माणूस १८९२ ते ९६ अमेरिकेत व्हरमाँटला राहिला, घराला नाव काय दिलं, तर नौलखा. तिथं हिवाळाभर बर्फ, आणि याला गोल्फची हौस. बॉल सापडेनात म्हणून गड्यानं ते लाल रंगवले आणि बर्फात खेळायला लागला. बरेच जण बर्फावरच्या गोल्फचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. डच लोकांना हे ऐकून काय वाटत असेल ते असो.

मंजू_खासबाग

मास्तर, तुमच्याकडं शिकलो असतो तर मी पण पास झालो असतो. ग्रीनलंडचं मानलं. पण एक. तो कोल्फ, हा गोल्फ. नावच वेगळं. आणि भोक मोठं केलं, म्हणजे नियम मोडला. गोल्फच्या पुस्तकात बर्फ आहे काय सांगा.

कॅम्पातला_जुना_कॅडी

हाय की रे मंजू! पुस्तकात बर्फ हाय. नैसर्गिक बर्फ बॉलच्या आड आलं तर खेळाडूनं ठरवायचं, एकतर त्याला वाळलेलं पान, काटकी यांच्यासारखी सुटी वस्तू समजून बाजूला सारायचं, नाहीतर साचलेलं तात्पुरतं पाणी समजून बॉल उचलून नियमानं दुसरीकडं टाकायचा, दंड नाही. आणि गंमत बघ, दव आणि गवतावर गोठलेला दहिवराचा पातळ थर मात्र यात बसत नाही, तो झाडून बाजूला सारता येत नाही. असलं बारीक लिहून ठेवलंय म्हणजे लिहिणाऱ्यानं बर्फात उभं राहूनच लिहिलं असणार.

मंजू_खासबाग

सापडला अण्णा! तुम्हीच बोललात. पुस्तकात बर्फ म्हणजे वाळलेलं पान. कचरा. बाजूला सारायचा. मग कचऱ्यावरच सगळा खेळ मांडला तर तो पुस्तकातला गोल्फ कसा? ऑलिंपिकमध्ये तरी हाय काय हा?

निपाणीकर_मास्तर

वकील व्हायला पाहिजे होतं तुम्ही. हिवाळी ऑलिंपिकमध्ये नाही, हे खरं. पण साधं गोल्फसुद्धा १९०० आणि १९०४ ला होऊन जे गेलं ते थेट २०१६ ला रिओत परत आलं. मधली ११२ वर्षं लोक काय खेळत होते, लगोरी?

खानापूरचे_सुभेदार

पोरांनो, भांडण चालू द्या, मी गुलमर्गचं सांगतो कारण बाकी कुणी ते सांगितलं नाही आणि जाणार तुम्ही तिकडंच आहात. मी मराठा सेंटरमधनं भरती झालो, सव्वीस वर्षं नोकरी, त्यात एका हिवाळ्यात गुलमर्गला कोर्सला होतो. आर्मीचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल तिथंच आहे, १९४८ पासून. खानापूरची थंडी म्हणजे थंडी असं समजून गेलो होतो. पहिल्या सकाळी मिशीवर बर्फ.

गुलमर्गला खरोखरचं अठरा होलचं गोल्फ कोर्स आहे, २६५० मीटर उंचीवर, उन्हाळ्यात जाणाऱ्यानं ते जरूर बघावं. जानेवारीत ते कोर्स तुमच्या बुटाखाली असतं पण दिसत नाही, वर कमरेएवढं बर्फ. जिथं उन्हाळ्यात ग्रीन असतं तिथं नवशिके लोक स्की शिकतात आणि पोरं स्लेजवर बसून ओरडतात. ग्रीनलंडचं किंवा त्या ताईंच्या तळ्याचं बर्फ वेगळं, ते खाली पाणी गोठून टणक झालेलं. गुलमर्गचं ताजं बर्फ म्हणजे कापूस. त्यात बॉल मारला की पडला तिथं उंदराच्या बिळाएवढं भोक दिसतं आणि बॉल खाली गेलेला असतो दोन फूट. आमच्यातल्या एकानं साहेबाकडनं मागून आणलेला बॉल असाच घालवला, नंतर अर्धा तास फावडं मारत बसला, वर शिक्षा वेगळी.

तुम्हाला खेळायचंच असेल तर लांबचे फटके विसरा. वीस पावलांची पट्टी बुटांनी तुडवून तुडवून घट्ट करा, रात्रभर तशीच सोडा, सकाळी ती कडक होते. एका टोकाला रिकामा डबा पुरा. आणि नुसतं ढकलायचं, पट म्हणतात त्याला. यंत्रानं दाबून सपाट केलेला उतार स्कीवाल्यांचा असतो, तिथं मोह करू नका. शेहेचाळीस ग्रॅमचा बॉल कुणाच्या डोक्याला लागला तर कुंदा राहिला बाजूला. उंचीवर हवा विरळ, बॉल खरं म्हणजे लांब जायला पाहिजे, पण थंडीनं दगड झालेला असतो, दोन्हीची वजाबाकी करत बसायला तुमच्यात दम उरणार नाही. पहिल्या दिवशी वीस पावलं चाललात तरी धाप लागेल. गंडोल्यातनं, म्हणजे दोरीवरच्या पाळण्यातनं, वर अफरवटच्या डोंगरावर गेलात तर मार्किंगच्या बाहेर जायचं नाही, तिथं हिमकडे कोसळतात आणि ते कुणाची पैज बघत नाहीत.

अनगोळचा_पप्या

सुभेदार काका, लई आभार. तुडवायचं काम मंजूला देतो, वजन हाय त्याच्यात. कॅडी अण्णा, क्लब सांबऱ्याच्या विमानतळावरनं हातात नेता येतोय काय?

कॅम्पातला_जुना_कॅडी

केबिनमध्ये क्लब चालत नाही, बॅट पण चालत नाही. चेक-इनच्या सामानात टाक, डोक्याच्या बाजूला टॉवेल गुंडाळ. क्लब विकत घेऊ नकोस, माझ्याकडं एक जुना पटर, म्हणजे बॉल ढकलायचा क्लब, पडलाय स्टीलच्या दांड्याचा, घेऊन जा. तीन बॉल पण देतो, नाल्यात सापडलेले, पांढरे हाईत, रंगवून घे. कुंकू लावू नकोस, ओलं झालं की निघतंय. नखाचं लाल पॉलिश बरं.

शहापूरची_लेक

निकाल मी देते, कुणाला कबूल नसेल तर कुंदा मला पाठवा. पप्यानं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, मंजू म्हणाला होता "बर्फावर कोण गोल्फ खेळत नाही". "खेळतात पण ते गोल्फ नव्हे" असं तो त्या गाड्यावर म्हणालाच नव्हता, ते इथं येऊन सुचलं. तेव्हा मंजू हरला. पण टेनिस बॉल आणि मोठ्या भोकाचा मुद्दा मला पटला, मी स्वतः त्या तळ्यावर विदूषकाची टोपी घालून होते. म्हणून अर्धा किलो.

मंजू_खासबाग

अक्का म्हणाल्या तर कबूल. अर्धा किलो उद्या संध्याकाळी गाड्यावर. राहिलेला अर्धा किलो गुलमर्गला, पप्यानं डब्यात एक बॉल घालून दाखवला तर. तीन बॉल, तीन चान्स. भोक १०८ मिलिमीटरचंच, डबा मी मोजून आणणार.

खानापूरचे_सुभेदार

तिन्ही बॉल हरवणार हे मी आत्ताच सांगतो. त्यावर नावं लिहून ठेवा. बर्फ वितळलं की मे महिन्यात तिथल्या कॅडी पोरांना सापडतील.